एबिसूहून परतल्यावर

सेंदाई,
रविवार, रात्री

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना उलटला. ज्या डी-वन ग्रां प्रीची, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेण्याच्या (ड्रिफ्टच्या) जपानी स्पर्धेची, कॉपी केलेली सीडी आपण कोल्हापुरात हातोहात फिरवून अक्षरशः झिजवली, त्या स्पर्धेचे नाव आता तुझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पोरांच्या तोंडी का नाही, असे तू विचारले आहेस. दोन ओळींत याचे उत्तर देणे मला जमले नसते. गेल्या आठवड्यात एबिसूला जाऊन आलो, आता सविस्तर लिहितो.

एबिसू सर्किट फुकुशिमा प्रांतात, निहोनमात्सु गावाजवळच्या डोंगरात आहे आणि त्याला लागूनच एक सफारी पार्क आहे. २००० साली या स्पर्धेची पहिली फेरी येथेच झाली, आणि पुढच्या वर्षीपासून ती डी-वन ग्रां प्री या नावाने ओळखली जाऊ लागली. येथल्या दक्षिण कोर्सवर एका उंचवट्यावरून गाडी आडवी होऊनच हवेत उचलली जाते आणि काँक्रीटच्या भिंतीशेजारी उतरते. सीडीवर आपण ते दृश्य किती वेळा मागे नेऊन पाहिले असेल! प्रत्यक्षात ती भिंत पाहिली तेव्हा तिच्यावर रंगांचे थरावर थर दिसले. प्रत्येक थर कोणाच्या तरी मागच्या बंपरचा.

या खेळाचे मूळ मात्र सर्किटवर नव्हे, घाटात आहे. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी टूरिंग कारच्या शर्यतींत मागची चाके घसरवत वळण घेत, आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या केइची त्सुचियांनी तीच रीत डोंगरातल्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री घोटली. पुढे त्सुचिया आणि ‘ऑप्शन’ मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा या दोघांनी मिळून पोरांच्या या नादाला नियम, परीक्षक आणि व्यासपीठ दिले. शर्यतीत घड्याळ निकाल देते, येथे माणसाची नजर निकाल देई: गाडीचा वेग किती, ती किती आडवी झाली, कोणत्या रेषेतून गेली आणि प्रेक्षक श्वास रोखून उभे राहिले की नाही. आधी एकट्याने फेरी, नंतर जोडीने. पुढच्या गाडीने रेषा आखायची, मागच्या गाडीने तिच्या दाराला नाक लावून तशीच घसरत जायचे, मग जागा बदलून पुन्हा तेच.

स्पर्धा वर आली ती गाड्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे. निसानच्या सिल्व्हिया आणि वनएटी एसएक्स, टोयोटाची एई ८६ या सगळ्या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, हलक्या आणि त्या काळी जुन्या बाजारात पोराटोरांना परवडणाऱ्या गाड्या होत्या. २००१ चा पहिला विजेता नोबुतेरु तानिगुची सिल्व्हिया एस १५ मध्ये होता, आणि २००२ मध्ये कात्सुहिरो उएओने तर एई ८६ घेऊन अजिंक्यपद मिळवले. ऐंशीच्या दशकातली, दीड-पावणेदोन लिटर इंजिनाची ती गाडी! तुझ्या वडिलांची फियाटही मागच्याच चाकांवर चालायची. पावसाळ्यात गॅरेजसमोरच्या चिखलात तिचे बूड सरकले की तू स्टिअरिंग उलटे फिरवून ती सावरायचास, ते मला अजून दिसते. उएओला पाहून आपल्याला वाटे की हा माणूस आपल्यातलाच आहे. त्या स्पर्धेची सगळी ताकद याच वाटण्यात होती.

२००३ मध्ये स्पर्धा कॅलिफोर्नियातील इर्विंडेलला गेली. तेथील गर्दी पाहून अमेरिकनांनी लगेच ओळखले की हे बीज आपल्या मातीतही रुजेल, आणि २००४ मध्ये त्यांनी स्वतःची फॉर्म्युला ड्रिफ्ट सुरू केली. त्या वेळी याकडे कोणी धोका म्हणून पाहिले नाही.

खरा घाव घरातच बसला. २०१० च्या अखेरीस त्सुचिया आणि इनादा दोघेही आपणच उभ्या केलेल्या स्पर्धेतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ड्रिफ्ट मसल नावाची वेगळी मालिका काढली. संस्थेच्या कारभारावरून झालेल्या त्या फुटीचा तपशील मी येथे उगाळत बसत नाही. पण अरुण, ज्या त्सुचियांच्या एका मान डोलावण्यासाठी पोरे वर्षभर टायर जाळत, तो माणूसच परीक्षकाच्या खुर्चीतून उठून गेला, हे मला आजही सोसत नाही. नंतरच्या काळात गाडीत बसवलेल्या यंत्रावरून वेग आणि कोन मोजून गुण देण्याची पद्धत आली. तिने वाद कमी झाले असतील, हे मी मान्य करतो. पण वाद हाच त्या खेळाचा निम्मा जीव होता, आणि निकालानंतर तासभर भांडणारा प्रेक्षक आकडा पाहून गप्प घरी जाऊ लागला.

दरम्यान गाड्याही पोरांच्या हातून निसटल्या. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी आयात करता येते, त्यामुळे जुन्या सिल्व्हियांना तिकडून मागणी आली आणि त्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. स्पर्धेत टोयोटाचे तीन लिटरचे टू-जेझेड इंजिन बसवलेल्या, हजार अश्वशक्तीच्या आसपासच्या गाड्या उतरू लागल्या. चालकांनाही बाहेरची वाट दिसली. २००८ चा विजेता दाइगो साइतो २०१२ मध्ये फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी तेथला विजेता ठरला. २०१४ मध्ये तर फॉर्म्युला ड्रिफ्टने जपानमध्येच आपली मालिका सुरू केली. डी-वन बंद पडलेली नाही, दर वर्षी होते, आणि तिचे चालक आजही थक्क करतात. पण जगाने या खेळासाठी डोळे लावून पाहावे असे ते एकमेव ठिकाण आता राहिलेले नाही.

एबिसूलाही २०२१ च्या फेब्रुवारीतील भूकंपात दरड कोसळून काही भाग गाडला गेला होता. मी गेलो ती स्पर्धा नव्हती, पैसे भरून कोणीही गाडी पळवावी असा तेथला ड्रिफ्टचा उत्सव होता. माझ्या शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा टायर बदलत होता. बंपर केबल टायने शिवलेला, मागच्या सीटच्या जागी चार जुने टायर कोंबलेले. काढलेल्या टायरची नक्षी पार पुसली जाऊन आतली तार उघडी पडली होती आणि रबर इतके तापले होते की त्याने ते हातमोजे घालूनही लगेच खाली टाकले. मी जॅक धरला. त्याला उएओचे नाव माहीत नव्हते. मी सांगितले तेव्हा हातातला पाना थांबवून त्याने विचारले, “एई ८६ वर? खरंच?” मग त्याने मोबाइलवर ते नाव लिहून घेतले.

जुन्या वस्तूंच्या दुकानात मला २००२ च्या हंगामाची एक व्हिडिओ कॅसेट मिळाली आहे. दिवाळीला येताना घेऊन येतो. तुझ्या माळ्यावरचा व्हीसीआर तेवढा उतरवून, हेड पुसून ठेव.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक