‘ओघवती भाषा’ पुरे, पान क्रमांक सांगा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे लोकप्रिय प्रेमकथांची आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची परीक्षणे येऊ लागली, याचा आम्हा बडोदेकर वाचकांना मनापासून आनंद आहे. तक्रार आहे ती त्यांच्या घडणीबद्दल. बहुतेक जागा कथानक सांगण्यात जाते आणि उरलेल्या चार ओळींत ‘भाषा ओघवती आहे’, ‘कथा खिळवून ठेवते’, ‘मुखपृष्ठ आकर्षक’ असे शिक्के पडतात. पुस्तक आवडले नसेल तर ‘वेळ घालवायला ठीक’ एवढ्यावर बोळवण होते. पुण्या-मुंबईचा वाचक दुकानात उभ्या उभ्या दहा पाने चाळून ठरवू शकतो. बडोद्यात मराठी पुस्तक बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागते, वर टपालखर्च. आमच्यासाठी परीक्षण म्हणजेच ती दहा पाने.

या प्रकारांकडे दुय्यम म्हणून पाहण्याचेही कारण नाही. आपण ज्या शब्दाने सगळ्या साहित्यप्रकाराला ओळखतो तो ‘कादंबरी’ हा शब्दच मुळी बाणभट्टाच्या संस्कृत कथेतल्या नायिकेचे नाव आहे. त्या कथेत पोपट गोष्ट सांगतो, नायकाचा देह न कुजता पडून राहतो, नायिका त्याची राखण करते आणि शाप सरल्यावर तो उठून बसतो. प्रेमकथाही तीच, अद्भुतकथाही तीच. मराठीत १८६१ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ची ‘मंजुघोषा’ याच वाटेने आल्या. इतक्या जुन्या घराण्याच्या पुस्तकाला त्याच्या स्वतःच्या मापाने मोजावे, एवढीच आमची मागणी आहे.

प्रेमकथेचे माप सोपे आहे. वाचताना पुस्तकात कागदाची एक पट्टी ठेवावी आणि तिच्यावर पाचच पान क्रमांक टिपावेत: दोघांची पहिली भेट, तिचे मत प्रथम बदलते ती जागा, त्याचे बदलते ती जागा, ताटातूट आणि समेट. पहिल्या वाचनात याहून जास्त काही लिहू नये, रस जातो. पुस्तक संपल्यावर त्या पाच जागा पुन्हा वाचाव्यात. ३२० पानांच्या कादंबरीत पहिली भेट साधारण पहिल्या ३० पानांत होते आणि ताटातूट २४०च्या आसपास येते. ती २९०वर आली तर समेट दोन-तीन प्रसंगांत उरकला जातो आणि वाचकाला शेवट ‘गुंडाळल्यासारखा’ वाटतो. परीक्षक तो शब्द लिहितात, पण कारण लिहीत नाहीत. कारण पानांच्या हिशेबात असते.

ताटातूट कशावरून झाली हेही सांगावे. एका फोनने मिटला असता असा गैरसमज शंभर पाने ताणणे हा या प्रकारातला सर्वांत सामान्य दोष आहे. जिथे दोघांपैकी एकाला खरोखर काहीतरी सोडावे लागते, म्हणजे नोकरी, गाव किंवा घरच्यांना दिलेला शब्द, तिथे ताटातूट वाचकाला पटते. नंतरची माफी प्रत्यक्ष प्रसंगात, संवादांतून घडते की ‘त्याने तिची मनापासून माफी मागितली’ या एका वाक्यात उरकते, हे पाहावे. आमच्या मते प्रेमकथेच्या लेखकाची खरी परीक्षा याच पानावर होते, पहिल्या चुंबनाच्या पानावर नाही.

शेवट गोड आहे हे सांगितल्याने रसभंग होतो, ही समजूत या प्रकाराला लागू नाही. प्रेमकथा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकाचा वाचक गोड शेवट गृहीत धरूनच पैसे मोजतो. तो कसा गाठला जातो यात त्याचे कुतूहल असते. शेवट तसा नसेल तर मात्र परीक्षणात सूचना हवीच. कथानक पहिल्या चतुर्थांशापर्यंतच सांगावे, त्यापुढचे झाकून ठेवावे.

शृंगाराबद्दल आपले परीक्षक एक तर गप्प बसतात, नाहीतर नाक मुरडतात. वाचकाला दोन्हींचा उपयोग नाही. दार लागले की प्रकरण संपते, की लेखणी दाराच्या आत जाते, आणि जात असेल तर किती वेळा, एवढे सरळ शब्दांत लिहिले की पुरे. १९६२च्या एका दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये न्यायालयाने काकोडकरांची शिक्षा रद्द केली. त्याला इतकी वर्षे लोटल्यावर परीक्षणात या विषयावर कुजबुज कशाला? नायक नायिकेचा नकार मानतो की नाही, हे मात्र ठळकपणे यायला हवे. जुन्या कादंबऱ्यांत तिचा नकार म्हणजे लाजणे असे धरून पुढचा प्रसंग रंगवला जाई, आणि त्यांतली काही पुस्तके आजही नव्या मुखपृष्ठासह छापली जातात.

आता अनुवादांविषयी. परीक्षणांत सर्वांत मोठी उणीव इथे राहते. कित्येकदा अनुवादकाचे नावसुद्धा नसते, मग त्याच्या कामाचे मोजमाप कोठून येणार? इंग्रजीत समोरच्याला उद्देशून एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आहेत, आणि मराठी प्रेमकथेतला मोठा क्षण पुष्कळदा ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो तोच असतो. समजा, कचेरीत काम करणारी नायिका पान ४०वर वरिष्ठाला विचारते, “जेवलात का?” पान २००वर, पावसात अडकलेल्या गाडीत, ती विचारते, “जेवलास का?” ‘त’चा ‘स’ झाला, बाकी वाक्य तेच. प्रेमाची कबुली तिथेच देऊन झाली, वेगळी द्यायला नको. आणि भांडणानंतर तीच जेव्हा “निघा तुम्ही” म्हणते, तेव्हा दार आपटल्याचा आवाज वेगळा लिहावा लागत नाही. मूळ पुस्तकात ही सोय नाही. ती कुठे वापरायची हे अनुवादकाने ठरवायचे असते. पहिल्या पानापासून दोघे ‘अरे-अगं’ करू लागले तर १६० पानांचा ताण फुकट जातो. म्हणून परीक्षकाने सहावा पान क्रमांक टिपावा: ‘तू’ कुठे आले आणि आधी कोणाच्या तोंडून आले. सोयीचे लग्न करून मग प्रेमात पडणाऱ्यांच्या कथेत गुंता आणखी वाढतो, कारण आपल्याकडे नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ‘अहो’ म्हणण्याची रीत आहे. तिथे जवळीक दाखवायला अनुवादकाला दुसरी युक्ती शोधावी लागते.

दुसरी अडचण लिंगाची. दोघांच्या तोंडून आलटून पालटून सांगितलेल्या कथेत इंग्रजी पुस्तक प्रकरणाच्या डोक्यावर नाव देते. मराठीत ‘मी निघालो’ की ‘मी निघाले’ यावरूनच कळते, ही आपली सोय. पण अद्भुत कादंबरीत मुखवटा घातलेला स्वार स्वतःची गोष्ट सांगत असेल आणि तो स्त्री आहे हे अखेरपर्यंत झाकायचे असेल, तर हीच सोय घात करते. त्यावर उपाय आहेत. ‘मी पत्र वाचले’, ‘मला दिसले’, ‘मी येईन’ या रचनांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. समोरच्यानेही स्वाराला ‘तुम्ही आलात’ म्हणावे, कारण ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ म्हटले की रहस्य फुटले. अनुवादकाने अशी चारशे पाने निभावली असतील तर त्याला ‘ओघवती भाषा’ या दोन शब्दांपेक्षा जास्त मिळायला हवे. आणि पान ३०वर ‘मी घोड्यावरून उतरले’ असे लिहून गेला असेल, तर तेही छापायला हवे.

अद्भुत कादंबरीची पट्टी निराळी. तिच्यावर तीन रकाने आखावेत: जादूने काय करता येते, त्याची किंमत काय, आणि कोणाला ती जमत नाही. प्रत्येक नियमापुढे तो प्रथम कळतो ते पान लिहावे. शेवटच्या संकटात नायिकेला वाचवणारी शक्ती या रकान्यांत आधीपासून नसेल, तर लेखकाने वाचकाला फसवले. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाने २००७ मध्ये हेच नियमाच्या रूपात मांडले: वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला तिच्या जोरावर पेच सोडवता येतो. समजा, नदी वळवणाऱ्या मंत्राची किंमत दर वेळी एक आठवण अशी आहे. पान ३००पर्यंत मांत्रिक स्त्री आपल्या आईचे नाव विसरली आहे. अखेरीस तिने त्याच मंत्राने फौज अडवली आणि काहीच विसरली नाही, तर सगळा डोलारा कोसळतो. ‘शेवट पटत नाही’ एवढेच न लिहिता ही जागा दाखवावी. जिथे जादू मुद्दाम गूढ ठेवली आहे तिथे हे रकाने रिकामे राहतील आणि तो दोष नव्हे. फक्त तशा जादूने मोठे पेच सुटू नयेत.

पहिल्या २० पानांत किती नवी नावे आणि कल्पित शब्द येतात तेही मोजावे. आमच्या अनुभवात पंधराच्या वर गेले की वाचक शब्दसूचीसाठी मागची पाने उलटू लागतो, आणि अनुवादात ती सूची गाळलेली असली तर पुस्तक मिटतो. शिवाय भाषेचा थर पाहावा. राजा, चेटकीण आणि मुदपाकखान्यातला पोऱ्या असे सगळेच ‘जशी आज्ञा, महाराज’ या जुन्या नाटकी मराठीत बोलू लागले, तर राज्य कितीही नवे असले तरी कान एकाच गावात राहतो.

आमची विनंती अशी, की प्रत्येक परीक्षणाखाली एक छोटी चौकट द्यावी. तिच्यात पाने, किंमत, अनुवादक, शेवट कसा, शृंगार कितपत, कोणत्या वयापासून वाचावे आणि मालिकेतला कितवा भाग, एवढेच असावे. वयाची नोंद विशेष गरजेची, कारण मुखपृष्ठावरचा पंखांचा घोडा पाहून तेराव्या वर्षी हातात दिलेले पुस्तक कधी कधी मोठ्यांचे निघते. मालिकेबाबत पुढचे भाग मराठीत आले आहेत का, हेही लिहावे; कित्येकदा ४००व्या पानावर कथा अर्धवट तुटते आणि मुखपृष्ठावर ‘भाग १’ असे कुठेच नसते. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली, तिथल्या ग्रंथालयांनाही मराठी खरेदीची यादी करताना ही चौकट कामाला येईल. जागा लागेल ती जेमतेम ४० शब्दांची, आणि ती कथानकातून सहज काढता येते.

आपले,
बडोद्यातील काही कादंबरीवाचक
दांडिया बाजार, बडोदे