कोकण किनाऱ्यावरच्या अनोळखी मदतगारांचे आभार

श्रीवर्धन ते मालवण सायकलने जाणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभार. नावं विचारायची राहून गेली.

अरुंद वळणावर एसटी मागे थांबवून ठेवणारे चालकदादा, चढावर पुढे-मागे ३४ दातांचा, म्हणजे सगळ्यात हलका गियर लावूनही वेग ताशी ५-६ किलोमीटरवर येतो, सायकल डोलते. तिथे पाय टेकला की पुन्हा निघणं फार कठीण, म्हणून तुमचा तो एक मिनिट मोलाचा. दाभोळ आणि जयगडच्या फेरीबोटींवर लादलेली सायकल धरून ठेवणारे खलाशीही तसेच.

पंक्चरवाल्या दादांचे मात्र विशेष आभार. जांभ्याच्या धारदार खड्याने टायरची बाजू फाटली की ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. ट्यूब फुगून त्या फटीतून बाहेर येते आणि फुटते. तुम्ही आतून जुन्या टायरचा तुकडा बसवलात, हवाही थोडी कमीच भरलीत. अगदी बरोबर केलंत!

उतारावर ‘पुढे वाळू आहे’ असं ओरडून सांगणाऱ्या पोरांनो, वाळूत पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. तुमच्यामुळे वेग आधीच उतरला.

आणि विहिरीचं गोडं पाणी काढून देणाऱ्या आजी, खाऱ्या वाऱ्याने साखळी लवकर गंजते. तुमच्या बादलीत धुऊन, पुसून, तेल दिलेली साखळी मालवणपर्यंत कुरकुरली नाही.