मित्रास पत्र : झेनचा पांढरा धूर

वाई, २१ जानेवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला पत्र नाही, फोन नाही, आणि आज लिहायला बसलो आहे तो झेनसाठी. पुण्याला ती जुनी गाडी पारखून घेताना तू बरोबर होतास आणि वहिनी तिच्यावरच गाडी चालवायला शिकल्या, त्यामुळे माझा जीव कशात अडकला आहे हे तुला वेगळे सांगावे लागणार नाही. घरी सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

गेल्या काही दिवसांपासून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आहे. थंडीच्या सकाळी दिसतो तो हा नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, गार सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसू लागते, टोकाशी थेंब ठिबकतात, आणि गाडी तापून सुरूर फाट्याला पोहोचेपर्यंत सगळे आपोआप थांबते. हा धूर मात्र भर दुपारी, पसरणीचा घाट चढून पाचगणीला थांबल्यावरही दाट येत राहतो, पटकन विरत नाही आणि त्याला गोडसर वास आहे. तात्या शेजाऱ्यांना सांगतात, की आमची गाडी हल्ली शेकोटी बरोबर घेऊनच फिरते.

ज्या मेस्त्रींकडे प्रथम गेलो त्यांनी धूर पाहताक्षणी "रिंगा गेल्या, इंजिन खोला" असा निकाल दिला. मला ते पटले नाही. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे ऑइल आत येऊ न देणारे भाग, गेले तर ऑइल जळते, धूर निळसर होतो आणि डिपस्टिकवर ऑइल उतरत जाते. माझे ऑइल जिथल्या तिथे आहे. न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढरा असतो, तुझ्या काकांच्या जीपमागे स्कूटरवर बसून आपण डोळे चोळत असू तो, पण आपली गाडी पेट्रोलची. मग उरते इंजिन गार ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट. कूलंटच्या बाटलीवर मी पेनाने रेघ मारून ठेवली, तेव्हा पातळी रोज खाली जाते हे दिसले, आणि गाडीखाली पुठ्ठा अंथरला तर तो सकाळी कोरडाच. कूलंट बाहेर कोठेही गळत नसेल, तर ते इंजिनातच जळते आहे.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढले आणि गाडी चालू केली. हवा अडकलेली असेल तर बुडबुडे थोडा वेळ येऊन थांबतात. येथे ते एकसारखे येत राहिले, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आहे, आणि झाकण लावल्यावर इंजिन तापण्याआधीच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला. नंतर प्लग काढले. तीन प्लगांवर नेहमीचा तपकिरी थर होता आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग घासून धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, म्हणजे पाणी तेथेच शिरते आहे. विनायक, तो प्लग हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. ऑइलच्या झाकणाखाली मात्र दुधाळ साय नाही, म्हणजे पाणी अजून ऑइलमध्ये उतरलेले नाही. तेवढा एक दिलासा आहे, आणि म्हणूनच तेव्हापासून गाडी जागची हलवलेली नाही.

थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवरून, कराडच्या स्टँडवर आपण भांडलो होतो ते तू विसरला नसशील. आपल्याकडच्या उन्हात तो काढून टाकलेलाच बरा, हे तुझे मत मी आजही मानत नाही. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि नुसती वाफसुद्धा उगाच जास्त वेळ दिसत राहते. अशा गाडीत खरा दोष ओळखायचा कसा? आपल्या गाडीत तो जागेवर आहे, म्हणून तर हा धूर दवाचा नाही असे मी ठामपणे म्हणू शकतो.

हेडखालचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातले, गॅस्केटच उडाले असेल तर मला भीती नाही. खरी भीती हेडला तडा गेला असेल याची आहे, कारण ॲल्युमिनियमचे हेड एकदा जास्त तापले की वाकते किंवा तडकते, आणि आपल्या आधीच्या मालकांनी ती किती तापवली असेल ते आपल्याला कधीच कळणार नाही. सगळे म्हणतात भंगारात दे. मी दोष पुरता कळल्याशिवाय देणार नाही. रात्री रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब देऊन ठेवायचा, सकाळी प्लग काढून स्टार्टर मारायचा, आणि तिसऱ्या भोकातून पाणी उडाले की हेड उतरवायचे. त्यानंतर हेडला दाबाखाली तडा तपासून घ्यायचा, वाकले असेल तर फेसिंग मारायचे, म्हणजे घासून सपाट करायचे, आणि मगच नवे गॅस्केट. तपासणी न करता नुसते गॅस्केट बदलले तर दोन महिन्यांत धूर परत येईल.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिन्मयीची दहावीची तयारी कशी चालली आहे? वहिनींना नमस्कार सांग, पण धुराचे एवढ्यात सांगू नकोस.

हेड बसवताना बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या टॉर्कलाच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळले गेले पाहिजेत, आणि येथे सगळे हाताच्या अंदाजाने आवळतात. तुझा टॉर्क रेंच घेऊन पुढच्या शनिवारी येशील का? जमणार नसेल तर निदान एसटीच्या पार्सलने पाठव.

तुझा,
श्रीकांत