घर पाडू नका, उतरवा

संपादक महोदय,

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर सध्या लाकडी कॉटेजेस उभी राहत आहेत आणि बहुतेकांवर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी आहे. मी आर्किटेक्ट आहे, राजापूर तालुक्यात काम करते. लाकडाचं बांधकाम वाढावं असंच मला वाटतं. पण यातल्या कित्येकांच्या भिंती प्लायवूडच्या, चिकटवलेल्या, फोमने बुजवलेल्या आणि वरून खिळे ठोकलेल्या असतात. उद्या मोडायची वेळ आली तर एक फळी धड निघणार नाही. मग ती जळणात जाणार.

तिथेच सगळा हिशेब बिघडतो. सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. एक घनफूट सागवान साधारण १८ किलो भरतं. त्यात ९ किलो कार्बन, म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड. वासा छपरात आहे तोवर तो लाकडात कोंडलेला राहतो. वासा चुलीत गेला की पुन्हा हवेत. म्हणून लाकूड वापरलं एवढ्याने भागत नाही. तेच लाकूड दुसऱ्या, तिसऱ्या घराला लागलं पाहिजे.

माझे वडील सुतार. त्यांनी जुनी घरं कधी पाडली नाहीत, उतरवली. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, शेवटी खांब. खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. खुंटी उलट्या बाजूने ठोकली की सांधा मोकळा. सोडवण्याआधी सांध्याच्या दोन्ही अंगांना ते पटाशीने सारख्या खुणा करायचे, इकडे दोन रेघा तर तिकडेही दोन. नव्या जोत्यावर तोच वासा बरोबर त्याच तुळईवर येऊन बसायचा. भिंतीचा चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगडही, मातीत किंवा चुन्यात लावलेला असेल तर अखंड सुटतो. सिमेंटात बसवलेला चिरा मात्र काढताना फुटतो, कारण सिमेंट त्याला सोडतच नाही.

आज तेच घर जेसीबी बघता बघता आडवं करतो. व्यापारी सागाचे खांब तेवढे उचलतो. फणस, ऐन, किंजळीचे वासे मोडून पडलेले, ते जळणाच्या भावाने जातात. हे बघवत नाही.

नेदरलँड्समध्ये ट्रायोडॉस बँकेने २०१९ मध्ये लाकडी कार्यालय बांधलं. पुढे सुटं करता यावं म्हणून ते १,६५,३१२ स्क्रूंनी जोडलं आहे आणि त्यात कोणतं साहित्य वापरलं याची नोंद ठेवली आहे. वडिलांच्या खुणा वेगळं काय करत होत्या?

अर्थात जुनं सगळं जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर किती छपरं उडाली ते आपण पाहिलं आहे. छपराचे सांधे नुसत्या खुंटीवर सोडू नयेत. नटबोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत, समुद्र जवळ असेल तर स्टेनलेसच्या. बोल्टही पान्याने उघडतोच. खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर ठेवावा, छपराची पाखी भिंतीबाहेर भरपूर काढावी. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे होड्यांनाही लावतात. आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं लाकूड घराला नको. ते कुणी नकळत जाळलं तर राखेत विष उरतं.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये घातलेली लाकूडबंदी २०२० मध्ये उठवली. आता कोकणातल्या स्थानिक संस्थांनी पुढे यावं. जुन्या शाळा, विश्रामगृहं यांचं निर्लेखन होतं, म्हणजे त्या वापरातून बाद ठरतात, तेव्हा आधी लाकडाची मोजदाद व्हावी आणि लिलाव ढिगाचा न होता नगाचा व्हावा. निविदेत ‘उतरवणे’ ही स्वतंत्र बाब, स्वतंत्र दरासह असावी. दरच नसेल तर ठेकेदार जेसीबीच आणणार, त्याला दोष कसा द्यायचा? आणि नव्या लाकडी बांधकामाला परवानगी देताना नकाशासोबत एक जादा पान मागावं: इमारत कोणत्या क्रमाने सुटी करायची, त्याचं.

असं एक नमुना पान मी तयार केलं आहे. ज्या ग्रामपंचायतीला हवं असेल तिला विनामूल्य देईन.

— एक आर्किटेक्ट, राजापूर (जि. रत्नागिरी)