तीस हजार आणि सात हजार

प्रिय ओंकार,

काल फोनवर तू म्हणालास की पप्पा, हिशोब सरळ आहे, सैन्यात चार वर्षांसाठी घेतात त्या अग्निवीरला महिन्याला 30 हजार आणि मला इथं चाकणला ॲप्रेंटिस म्हणून 7 हजार, मग विचार कसला करायचा. तेव्हा पटकन बोलता आलं नाही, तुझी आई शेजारीच उभी होती, म्हणून आता रात्री लिहितोय, चुकलं असेल तर समजून घे.

30 हजार हातात येत नाहीत बरं का. त्यातले 9 हजार सेवा निधीला कापतात, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळतात त्याला, हातात 21. चौथ्या वर्षी 40 होतात तेव्हा हातात 28. चार वर्षांत तुझे 5 लाख 2 हजार कापले जाणार, तेवढेच सरकार घालणार, व्याज धरून 11.71 लाख सांगतात, त्यावर टॅक्स नाही. आणि राहणं खाणं वर्दी तिकडचंच, त्यामुळे 21 मधले बरेचसे उरतात. तुझे 7 हजार खोलीभाडं आणि मेसमध्येच संपतात हे मला माहितीये, दर वीस तारखेला जीपे करणारा मीच आहे ना.

पण ते 7 हजार पगार नाहीच रे, विद्यावेतन आहे. 1961 च्या कायद्यात तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. 2019 च्या नियमात आयटीआयवाल्याला कमीत कमी 7 हजार ठेवलेत, कंपनीने जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही, पण देतंय कोण. माझ्या वेळी पण हेच, आम्हाला शिकवायच्या नावाखाली सरळ प्रॉडक्शनला उभं केलं आणि शेजारचा पर्मनंटवाला त्याच कामाचे कितीतरी पट घेऊन जायचा. राग यायचा. पण माझा हात तिथंच बसला आणि त्या हातावरच आजपर्यंत घर चाललंय.

नानाचं उदाहरण देऊ नकोस. नाना बेळगावला फौजेचं ट्रेनिंग करून 17 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून आला, त्याला दर महिन्याला पेन्शन येते. अग्निवीरला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, बॅचमधले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे ठेवणार. बाकीचे तेविशीत गावी परत, आणि तोवर फिटरचं काम विसरलेलं असणार. पारावर पोरं आत्ताच 11 लाखात बुलेट, गाळा आणि लग्न बसवून मोकळी झालीत, एकालाही अजून कॉल आलेला नाही.

आणि एक सांगायचंच होतं. त्या पैशावर माझा डोळा नाही. ताईचं लग्न, वरचा स्लॅब, सोसायटीचं कर्ज, हे माझं मी बघेन. तू त्यासाठी भरतीला जातोयस असं मला काल तुझ्या आवाजावरून वाटलं, तसं असेल तर जाऊ नकोस. तुला मनापासून जायचं असेल तर मी स्वतः ग्राउंडवर सोडायला येतो.

माझं मत विचारशील तर ॲप्रेंटिसचे पाच महिने राहिलेत ते काढ, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हातात घे, आणि सोबत भरतीचा फॉर्म पण भर. मधेच सोडून येऊ नकोस. भरतीला वयाची अट आहे म्हणून घाई होते हे कळतं मला, पण पाच महिन्यांनी तू काही म्हातारा होत नाहीस.

आईला मोबाईलवर ते सगळं वाचून दाखवलं. पगाराबद्दल काही बोलली नाही, 48 लाखाचा विमा ऐकल्यावर मात्र म्हणाली, हे कशाचे देतात? मी म्हटलं, असतंच सगळ्यांना. तू पण हेच सांग.

भरतीत पळण्याचे पूर्ण मार्क पाहिजेत तर 1600 मीटर साडेपाच मिनिटांत यायला पाहिजे, तुझे मागच्या महिन्यात सहा वीस होते. रात्रपाळी करून लगेच पळू नकोस, झोपून उठून पळ. बुटाचे पैसे टाकलेत, बुटालाच वापर.

तुझे पप्पा