शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी-सूचीबाबत स्मरणपत्र

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जाहीर केलेली १९ मुद्द्यांची तपासणी-सूची भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, अशा तिन्ही टप्प्यांवर मोठ्याने वाचूनच पूर्ण करावी. शेवटी सगळ्या चौकटींत एकदम खुणा करणे म्हणजे तपासणी नव्हे. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची बाजू आणि ॲलर्जी यांची खात्री त्या त्या वेळीच उपयोगी पडते. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. गॉज किंवा उपकरणांची मोजणी जुळत नसल्यास कनिष्ठ परिचारिकेनेही निःसंकोच थांबायला सांगावे आणि वरिष्ठांनी ते ऐकावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.