फेस बघितला का, मॅडम?

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. गेल्या रविवारी मी जिन्यात "काका, तुमच्यामुळे..." एवढंच म्हणाले, तर तुम्ही सोसायटीच्या टाकीचा बॉलकॉक काढून बसलात. म्हणून हे पत्र. उघडच लिहितेय, म्हणजे जुनी गाडी सांभाळणाऱ्या आणखी चार जणांच्या कामी येईल आणि तुम्हाला मध्येच तोडताही येणार नाही.

गाडी बाबांची, २००४ सालची. कंपनीचं नाव लिहीत नाही. वीस वर्षं ओलांडलेल्या रबराने मान टाकली तर त्यात कंपनीचा काय दोष? १५ वर्षं झाल्यावर नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली, मग पुन्हा एकदा. "मला पेन्शन मिळते, तिला निदान पासिंग मिळू दे," हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि दुखणं सुरू झालं. सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना, नाहीतर इंदिरानगरच्या बोगद्यापाशी मुंगीच्या पावलाने सरकताना, वळवलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. व्हायब्रेटवर टाकलेला मोबाइल स्टीलच्या ताटात ठेवल्यावर जसं होतं, तसं. सोबत बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज. एकदा उड्डाणपुलावर चढून ओझरच्या रस्त्याला लागलं की मात्र सगळं शांत.

तीन गॅरेज झाली. एकाने उभ्या उभ्या सांगितलं, रॅक (चाकं वळवणारा दांडा) गेला, २२ हजार. दुसऱ्याने पॉवर स्टिअरिंगच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणाऱ्या, पंपावर बोट ठेवलं. तिसऱ्याने चारही चाकांचं बॅलन्सिंग करून पैसे घेतले आणि गाडी जशी नेली तशीच परत दिली. तिघांच्याही हाताला कष्टाचं ऑइल लागलेलं होतं, त्यांना फसवे म्हणायची माझी इच्छा नाही. पण तिघांपैकी एकानेही मला एक प्रश्न विचारला नाही.

तुम्ही मात्र नुसते प्रश्नच विचारत सुटलात. उभ्या गाडीत होतं की पळत्या? डावीकडे, उजवीकडे की दोन्हीकडे? ब्रेक दाबल्यावर वाढतं का? गार असताना जास्त की तापल्यावर? मला वाटलं, सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्स केलेला माणूस, निवृत्तीनंतर वेळ जात नसेल. तुमचा हात अजून बोनेटला लागलाही नव्हता आणि अर्धं काम झालं होतं, हे नंतर उमजलं. ८० च्या वेगाला स्टिअरिंग शांत, म्हणजे चाकांच्या बॅलन्सिंगचा संबंध नाही. ब्रेकवर थरथर नाही, म्हणजे डिस्क वाकडी नाही. थंडीत जास्त आणि तापल्यावर कमी, हे ऐकल्यावर तर तुम्ही मान डोलावलीत. "पंप झिजला असता तर बहुधा उलटं झालं असतं. ऑइल तापून पातळ झाल्यावर स्टिअरिंग जड पडलं असतं."

मग पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून तुम्ही मला स्टिअरिंग फिरवायला लावलंत. स्वतः खाली बसून स्प्रिंगवर तळहात ठेवलात. शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पीळ धरते आणि टंग करून सुटते, म्हणालात. तसं झालं नाही. खालच्या दांड्याचा जॉइंटही कुठे अडला नाही. गाडी खाली उतरवून इंजिन सुरू केलं आणि रेस मिनिटाला १५०० फेऱ्यांवर धरायला सांगितलीत. आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) पडल्यामुळे किंवा इंजिनच्या माउंटिंगमुळे हादरा बसत असता, तर रेस दिल्यावर तो विरला असता. तो विरला नाहीच, उलट आवाजाची पट्टी चढली. तुम्ही लांब पेचकसाचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिलात. बाबा खुर्चीवरून विचारत होते, "काय म्हणतोय?" तुम्ही म्हणालात, "तहान लागलीय म्हणतोय."

तरी तुमचा पहिला अंदाज चुकला, काका. हे मी मुद्दाम लिहितेय. पंप फिरवणारा पट्टा काचेसारखा गुळगुळीत झाला होता, भेगाही होत्या. "वळवताना पंपावर भार येतो, पट्टा घसरतो, झटके स्टिअरिंगला लागतात," असं म्हणून तुम्ही तो बदलायला सांगितलात. बाबांनीही "मी आधीच म्हणालो होतो" हे जाहीर करून टाकलं. नवा पट्टा घातला. आठवडाभर जरा बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच.

मला सांगायचा संकोच वाटत होता. पण तुम्ही स्वतःच गेटपाशी थांबलात, गाडी आत येताना ऐकलीत आणि म्हणालात, "माझं चुकलं. पट्टा जायचाच होता, पण रोग तो नाही. अजून मला कळलेलं नाही." बावीस हजारांचं निदान ठणकावून सांगणारी माणसं पाहून आल्यावर ते "कळलेलं नाही" ऐकून मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर मी तुमच्या हाती गाडी सोपवली असती.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून तुम्ही पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडलंत. "फेस बघितला का, मॅडम?" आत घुसळलेल्या ताकासारखे बुडबुडे होते, आणि मुळात लाल असणारं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं. पातळी बरोबर. पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. मी म्हणाले, गळत तर कुठेच नाही. तुम्ही हसलात. "डबीतून पंपाकडे जाणारा पाइप ओढीचा असतो. तिथून तेल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते. पुढच्या बाजूला दाब असतो, तिथे फुटलं तर फवारा उडेल आणि सगळ्यांना दिसेल."

काका, मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. द्रवांच्या धड्यात दरवर्षी फळ्यावर दोन पिस्टन काढून पास्कलचा नियम समजावते: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. द्रव दबत नाही, वायू दबतो, हेही तोंडपाठ. पण त्याच नियमावर चालणारं स्टिअरिंग रोज हातात धरून मी त्या धड्याला जात होते आणि ते थरथरत का होतं, हे मला उमगलं नव्हतं. पूर्ण वळवल्यावर ज्या नळीत ७०-८० बारपर्यंत दाब चढतो (आपल्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास असतो), तिथे बुडबुडे शिरले की ते दबतात, सुटतात, पुन्हा दबतात. पंपाचा जोर सलग पोहोचत नाही, ठेचकाळत पोहोचतो. तेच माझ्या तळहाताला जाणवत होतं. यंदा हा धडा शिकवताना पिस्टन काढलेच नाहीत, थेट स्टिअरिंगचा पंप काढला. मागच्या बाकावरच्या दोघांनी पहिल्यांदाच मान वर केली.

हवा नेमकी कुठून जाते, हे शोधायची तुमची युक्ती तर मला अजून आठवते. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवायला तीन वेळा बजावून तुम्ही त्या ओढीच्या पाइपच्या जोडावर बोटाने ग्रीस थापलंत. पाच मिनिटांत कण्हणं निम्म्यावर आलं. पाइप काढला तर टोकाला खडखडीत, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा. थंडीत आणखी आकसायचा, म्हणून सकाळी त्रास जास्त. डबीच्या तळाच्या जाळीवरही काळा गाळ होता. तहान लागलीय, ते खरंच होतं.

खर्च सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. द्वारका चौकाजवळच्या दुकानातून ऑइलला चालणारा पाइप, दोन क्लिपा आणि लिटरभर ऑइल, मिळून ९४० रुपये. पट्ट्याचे वेगळे. कोणतं ऑइल, हे दुकानदाराला न विचारता तुम्ही गाडीच्या कप्प्यातलं पिवळं पडलेलं पुस्तक मला वाचायला लावलंत. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लिहिलेलं होतं. "ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतले रबर फुगवून टाकतं," हेही त्याच वेळी.

आणि तो शेवटचा रविवार. पुढची चाकं वर, खाली टेकूला लोखंडी घोडी, इंजिन बंद. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवतेय, तुम्ही डबीत ऑइल ओतताय आणि बाबा मोठ्याने मोजताहेत. त्यांनी तेरा दोनदा मोजला, म्हणून वीसऐवजी एकवीस फेऱ्या झाल्या. बुडबुडे येऊन फुटायचे थांबेपर्यंत तुम्ही मला किल्ली लावू दिली नाहीत. मग इंजिन सुरू केलं आणि आधी आम्हाला तिघांनाही वाटलं, ते सुरूच झालं नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतलात. स्टिअरिंग शेवटाला टेकवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, ऑइल तापतं, हे मी पाळतेय. महिन्यातून एकदा झाकण उघडतेही. आज सकाळी उघडलं होतं. लाल, स्वच्छ, फेस नाही.

तुमचा तो लांब पेचकस माझ्या डिकीत राहिलाय. बाबांनी तो कानाला लावून आमच्या फ्रिजचं निदान चालवलं आहे. त्यांचं झालं की आणून देते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची मॅडम
इंदिरानगर, नाशिक